सूचना मले पोचली होती

ज्या दिवशी बाहेरदेशी जानारा ट्रक भरला, त्या दिवशी वरूडच्या आमच्या पॅकिंग शेडमधी कोन कोन होतं ते मी आंधी सांगून टाकते. मॅनेजर साहेब होते, तरने, पुन्याकडचे, बोलनं गोड. कम्प्युटरवर बसनारी मॅडम होती. दोन हमाल होते, खोके उचलून ट्रकात लावनारे. टेबलावर माह्या समोर माही मैतरीन होती, मोर्शीची, तीस वर्सापासून संगं काम केलेली. बाकी टेबलावर दहा-बारा बाया होत्या, पन त्याईची माह्याकडे पाठ होती. माही सून होती, हातात कागद धरून या टेबलावरून त्या टेबलावर फिरून राह्यली होती. आन मी होती. एवढेच. देव बी असंन म्हना, पन त्याले कोनी साक्षीले बोलावत नाई.

मी तिसरीपर्यंत शिकली. लिहिता येते, पन सावकाश. हे मी सुनेच्याच वहीत लिहून राह्यली, मागच्या बाजूनं. पुढच्या बाजूनं तिचे इंग्रजी शब्द हायेत. सून आता ती वही उघडत नाई, म्हनून मी घेतली.

पोराचा बाप गेला तवा पोरगा पाच वर्साचा होता. वावर दिराकडे राह्यलं, मी संत्र्याच्या मंडीत कामाले लागली. तवा लाकडाच्या पेट्या रायत. खाली तनस टाकाची, तिच्यावर संत्रे लावाचे, वर पुन्हा तनस, मंग फळी ठोकाची. हिवायात बोटं चिरत. संत्र्याच्या सालीचं तेल चिरलेल्या बोटात गेलं का डोयातून पानी येते. पानी आलं तरी हात थांबवाचा नाई, कारन मांगून दुसरी पेटी आलेली असे. घरी जाऊन बोटाईले खोबरेल लावाचं, चिंधी बांधाची, सकायी सोडाची. असे कितीक वर्सं गेले. त्याचं मले काई सांगाचं नाई. सगळ्या बायाईचं तेच होतं.

सांगाचं हाय ते तुऱ्याचं. पेटी भरली का सगळ्यात वर एक पानवाला संत्रा ठेवाचा. डेठ तसाच, त्याले दोन पानं हिरवी. घेनाऱ्यानं पेटी खोलली का आंधी पान दिसलं पायजे, म्हंजे माल आजचा तोडलेला हाय हे त्याले समजते. त्याले आमी तुरा म्हनो. तुरा नसला तं ती पेटी बोडकी. आन जिनं पेटी बंद केली तिनंच तुरा लावाचा, दुसरीनं नाई.

मी नवी होती, कपाय पांढरं होऊन महिना झाला होता. आमच्या गल्लीत कोनाच्या घरी हळद लागली तं मले बोलावनं येत नसे. मंडीत पयली पेटी भरली आन मी तुरा न लावता बाजूले सरकली. वाटलं, दुसरी कोनी लावंन. आमची एक म्हातारी मुकादमीन होती. तिनं पानवाला संत्रा उचलून माह्या हातात देल्ला. म्हने, "लाव. पेटी बोडकी धाडू नोको. भरली कोनं? तूनं. मंग लावंन कोन?" मी लावला. त्याच्या बादची एक बी पेटी मी बोडकी धाडली नाई.

मंग मंडीच्या पेट्या गेल्या, पुठ्ठ्याचे खोके आले. एका कंपनीनं ते शेड घेतलं. संत्रे धुवाची मशीन आली, पुसाची मशीन आली, चकाकी लावाची मशीन आली. बायाईले डोक्शावर टोप्या आल्या. माही सून बारावी पास होती, तिले साहेबाईनं सुपरवायझर केलं. काम काय, तं कंपनीचं जे इंग्रजीत येईन ते वाचाचं आन बायाईले आपल्या बोलीत सांगाचं. बायाईचं जे असंन ते साहेबाले सांगाचं. मधातलं काम. पोरगा बडनेऱ्याले रेल्वेच्या ठेकेदाराकडे हाय, आठ-आठ दिवस येत नाई. तं घरी आमी दोघीच, आन शेडमधी बी दोघी. घरी मी सासू, शेडमधी ती साहेब. मले त्याचं काई वाटलं नाई. खरं सांगू तं बरं वाटे. मी जिथी चिंध्या बांधून काम केलं तिथी माह्या घरची पोरगी पेन घेऊन फिरे.

इंग्रजी पक्कं व्हावं म्हनून ती आयतवारी अमरावतीले क्लासले जाये. पायटे अंधारात एसटीची मोटार धरे. तिथचे सर कामाच्या जागचं इंग्रजी शिकवत. एका आयतवारी शिकवलं ते सगळं चुकीचं. म्हंजे चूक झाली, गैरसमज झाला, तं ऑफिसात कसं बोलाचं. त्या आठवड्यात ती भाकरी करता करता घोके. वही पिठाच्या डब्याले टेकवून ठेवे.

"मिस्टेक," ती म्हने. "म्हंजे चूक."

"हे मले येते," मी म्हनलं. "शेडमधी दिवसातून धा डाव आयकते."

"एरर."

"ते काय?"

"ते बी चूकच. पन मशीनची, कागदातली."

"आन मानसाची?"

"मानसाचा फॉल्ट. दोष. तो कोनाचा ना कोनाचा असते."

"बरं."

"ओव्हरसाईट. म्हंजे पाहता पाहता नजरेतून सुटलं."

"म्हंजे तुहा नवरा," मी म्हनलं. "दुधापाशी बसवला तं दूध चुलीत जाईस्तोवर गंजाकडेच पायत रायते."

हासली. भाकर करपली तरी हासून राह्यली. मंग म्हने, "आत्याबाई, आता हा मोठा हाय. मिसअंडरस्टँडिंग."

मी तीन तुकडे करून म्हनला. ती म्हने हाव, आला. गैरसमज. सांगनाऱ्यानं एक सांगतलं, आयकनाऱ्यानं दुसरं धरलं. आन त्याच्या खाली लिहिलेलं होतं कम्युनिकेशन गॅप. ते तिनं मले हातानं दाखवलं. पिठाचे दोन हात समोरासमोर धरले, मधात जागा ठेवली.

"इकडून सांगतलं. तिकडे पोचलं नाई. मधात फट राह्यली."

"मंग चूक कोनाची?"

"कोनाचीच नाई. म्हनून तं तो शब्द चांगला हाय. सर म्हनले, भांडन वाढवाचं नसलं तं हा वापराचा."

मी ते डोक्शात ठेवलं. मंग मी तिले इचारलं, "आन माहीत असून केलं तं? सांगतलं बी, पोचलं बी, समजलं बी, तरी केलं तं?"

तिनं वहीचं पान वरून खालपर्यंत पाह्यलं. "त्याचा शब्द नाई देल्ला सरानं."

"काहून?"

"ऑफिसात असं कोनी सांगत नसते, आत्याबाई. हाव, केलं मी, काय करतं? असं आपल्या गावात चालते."

ट्रकाच्या दिवशी सूनबाई सकायपासून कागद घेऊन फिरून राह्यली होती. कंपनीचा पयला माल बाहेरदेशी जाऊन राह्यला होता. आन तिचा बी पयलाच ट्रक होता, आंधीचे सगळे इकडच्या इकडे जानारे होते. कागदात लिहिलेलं होतं का खोक्यात एक बी पान नाई पायजे. पानासंगं झाडाचा रोग जाते, त्या देशात चालत नाई. डेठ बी कैचीनं बुडाशी कापाचा. ती एका एका टेबलावर आली, आपल्या बोलीत सांगतलं, आन क्लासात शिकवलं होतं तसं एकेकीकडून परत वदवून घेतलं.

माह्या टेबलावर आली. मैतरनीले इचारलं, "मावशी, सांगा, काय नाई ठेवाचं?"

"पान नाई ठेवाचं, मॅडम," मैतरीन म्हने, आन माह्याकडे पाहून डोया मारला.

"आत्याबाई, तुमी सांगा."

"पान," मी म्हनलं. "आयकलं वो माय. बहिरी नाई झाली अजून."

आजूबाजूच्या बाया हासल्या. साहेब तिथीच उभे होते. त्याईनं बी आयकलं. म्हनून मी सांगते का सूचना मले पोचली होती. मधात काईच फट नोयती. हे कोनाले पुसाचं असंन तं वर सांगतलेल्या कोनाले बी पुसा.

दुपारून माह्याकडे शेवटचे खोके आले. अकरा होते. मी ते भरले. पयला बंद कराले झाकन धरलं आन हात पुढे जाये ना. खोका बोडका दिसे. माह्या मनात आलं, सुनेचा पयला ट्रक, एवढ्या दूर जाऊन राह्यला, समुद्र ओलांडून, आन तो असा बोडका? माह्याच हातून? बाजूच्या कॅरेटमधी अजून डेठ न कापलेला माल होता. त्यातले अकरा पानवाले मी निवडले, ओच्यात घेतले आन एक एक करून ठेवून देल्ले. वरून कागद टाकला, झाकन लावलं.

मैतरीन पायत होती. म्हने, "अवो बुढे, सुनेनं आत्ता सांगतलं ना!"

"सून माही हाय," मी म्हनलं, "आन खोका बी मीच भरला."

"तुह्या डोक्शावर पान लावून धाडतो तुले ट्रकात," ती म्हने. आमी दोघी हासलो. हे बी खरं हाय. हासलो.

ट्रकापाशी साहेबाईनं खोके खोलून पायाचे होते, तसं त्याईचं काम होतं. त्याईनं म्होरचे दोन खोलले, मंग फोन आला, ते फोनवर बोलत गेले. माहे अकरा सगळ्यात मांग होते, दाराशी. तिकडे ट्रक खोलला का तेच आंधी हातात येनार.

पाच-सहा दिवसांनी खबर आली. बंदरावर पान सापडलं. अकरा खोक्याईसाठी सगळा ट्रक अडवला. माल पुढे गेला नाई.

त्या दिवशी सून मोर्शीकडे एका बगीच्यात गेली होती, तोडनी पाहाले. शेडमधी कुजबुज सुरू झाली. मी हात धुतले, टोपी काढून ठेवली आन साहेबाच्या काचेच्या खोलीत गेली. कोनी बोलावलं नोयतं. मी आपल्या पायानं गेली.

"साहेब," मी म्हनलं, "पान मी ठेवलं. सुनेनं सांगतलं होतं. मले समजलं होतं. तरी ठेवलं."

साहेबाईनं मले खुर्ची देल्ली. पानी देल्लं. म्हनाले, "आजी, का ठेवलंत पण?"

मी तुऱ्याचं सांगतलं. मुकादमीन, पोराचा बाप, सगळं. त्याईनं मान हालवत आयकलं. त्याईले वाईट वाटलं असंन बी. पन ते काई लिहीत नोयते. माहं झाल्यावर ते कम्प्युटरकडे वळले आन म्हनाले, "आजी, काळजी करू नका. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

"येऊ द्या ना," मी म्हनलं. "मीच केलं तं माह्यावरच येईन. कामावरून काढाचं असंन तं काढा."

"वरती असं चालत नाही हो. त्यांना कारण लागतं. आपण याला कम्युनिकेशन गॅप म्हणू."

आता इथी मी काय केलं ते सांगते, कारन माहा खरा दोष पानाचा नाई, हा हाय. तो शब्द मले येत होता. साहेबाच्या तोंडून आला तसा मी ओळखला. पिठाचे हात डोयासमोर आले. आन मले एवढं बरं वाटलं! मी म्हनलं, "हाव, गॅप! म्हंजे कोनाचीच चूक नाई."

साहेब हासले. "अरे वा, आजी! तुम्हाला तर इंग्रजी येतं."

मी फुगली. बासष्ट-पासष्टाची बाई, फुगली. त्याईनं कागद छापून आनला. सगळा इंग्रजीत. मी इचारलं, "मी सांगतलं तेच हाय ना?" ते म्हनाले, "तेच आहे, जरा ऑफिसच्या भाषेत." मी सही केली. तिसरीतली सही, पूर्ण नाव, एक एक अक्षर कोरून. दोष घ्याले गेली होती आन कोनाचाच दोष नाई म्हनून खुशीत बाहेर आली. मैतरनीले म्हनलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबाईनं सुनेले बोलावलं. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तं गळ्यातलं ओळखपत्र हातात होतं. माह्या टेबलापाशी थांबली नाई. घरी गेल्यावर मी पुसलं तं तिनं मोबाईलमधी तो कागद दाखवला, माही सही मोठी करून दाखवली.

"वाचून दाखव," मी म्हनलं.

तिनं वाचला. त्यात असं होतं का सूचना कामगार बाईपर्यंत नीट पोचली नाई. सूचना पोचवाचं काम सुपरवायझरचं. गॅप तिच्या कामात पडला. उपाय म्हनून सुपरवायझर बदलला. आन खाली, हे मले मान्य हाय, म्हनून माही सही.

"पन गॅप म्हंजे कोनाचीच चूक नाई असं तूच सांगतलं होतं," मी म्हनलं.

"सरानं सांगतलं तसं मी सांगतलं." तिचा आवाज चढला नाई. "पन मधातलं कामच माहं होतं ना, आत्याबाई. फट पडली म्हनलं का माह्याकडेच बोट येते. दुसऱ्या कोनाकडे जानार?"

तिनं मोबाईल खाली ठेवला. ती म्हने, "मिस्टेक लिहिली असती तं तुमची झाली असती. खोके नाई तपासले म्हनून साहेबाची ओव्हरसाईट झाली असती. त्याईनं बराबर शब्द निवडला. आन पान ठेवलं त्याचा मले राग नाई. तुमी माह्यासाठीच ठेवलं हे समजते मले. पन तुमी सही काहून केली? माह्या कामावर सही केली तुमी, न वाचता."

त्याच्या बादमधी ती या गोष्टीवर बोलली नाई. भांडली असती तं बरं झालं असतं. सकायी भाकरी करे, ताट वाढून दे, शेडची वेय झाली का म्हने, "आत्याबाई, तुमची मोटार येईन." हाव, मले त्याईनं काढलं नोयतं. मी गरीब बाई, मले सूचनाच नोयती पोचली, माहा काय दोष. मी जाऊन टेबलावर बसाची आन सुनेच्या जागेवर दुसरी पोरगी कागद घेऊन फिराची.

तीन दिवस गेली मी. मंग मैतरनीले संगं घेतलं आन पुन्हा काचेच्या खोलीत शिरली. म्हनलं, साहेब, ते चुकीचं लिहिलं. सूचना मले पोचली होती. तुमी बी तिथी उभे होते. ही बी होती.

"आजी, रिपोर्ट वर गेला आता."

"मंग दुसरा धाडा."

"तसं होत नाही."

"काहून होत नाई? पयला गेला ना? तसाच दुसरा जाईन."

मैतरीन म्हने, "साहेब, मी डोयानं पाह्यलं. इनं मुद्दाम ठेवलं. मी म्हनलं बी होतं इले."

साहेब तिच्याकडे वळले. आवाज तसाच गोड. "तुम्ही पाहिलंत? आणि मला सांगितलं नाही?"

मैतरनीचं तोंड कधी बंद होत नाई. ते तवा बंद झालं. तिच्या घरी तिच्या एकटीच्या कामावर चार जनं खाते. मी तिचा हात धरला आन बाहेर आनलं. तिच्यावर माहा राग नाई. मी तिच्या जागी असती तं मी बी तेच केलं असतं. त्या दिवशी मी टोपी खुंटीले लावली आन घरी आली ते आलीच.

मंग अकोल्याचं झालं. तिथी एका डाळ मिलच्या ऑफिसात इंग्रजी बोलनारी बाई पायजे होती, बाहेरच्या राज्यातल्या व्यापाऱ्याईसंगं फोनवर बोलाले. सुनेनं अर्ज केला, त्याईनं बोलावलं. मी म्हनलं, मी येते. ती म्हने, नोको. मी म्हनलं, माहे डोये दाखवाचे हायेत अकोल्याले. डोये ठीक होते माहे.

ऑफिसच्या बाहेर बाकडं होतं, मी तिथी बसली. दार अर्धं उघडं होतं. मालक मोठा मानूस, पोट सुटलेला, डोक्शावर पंखा गरगर करून राह्यला होता. त्यानं इंग्रजीत इचारलं, सुनेनं इंग्रजीत सांगतलं. मले शब्द समजत नोयते, पन ती अडखळली नाई एवढं समजलं. मालक हासला बी एक डाव. मले वाटलं, झालं काम. मंग तो मराठीवर आला.

"मी तुमच्या जुन्या जागी फोन केला होता. साहेब म्हणाले मुलगी चांगली आहे. फक्त कम्युनिकेशनमध्ये थोडा गॅप आहे म्हणे. आता आमचं कामच फोनवर बोलायचं. काय झालं होतं तिथं?"

 मी बाकड्यावर बसून वाट पाह्यली. मनात म्हनलं, सांग पोरी. सासूनं केलं म्हन. खरं तेच हाय. तिनं सांगतलं, "मिसअंडरस्टँडिंग झालं होतं, सर."

मी उठली आन आत गेली.

"साहेब, ती म्हातारी मीच," मी म्हनलं. "हिनं बराबर सांगतलं होतं. मी आयकलं नाई. म्हंजे आयकलं, पन केलं नाई. मधात गॅप नोयता."

मालक माह्याकडे पाहे, सुनेकडे पाहे. "या कोण?"

"माह्या सासूबाई," सून म्हने. मान खाली.

"आजी, तुम्ही बाहेर बसा," मालक म्हने. वाईट नाई बोलला. पन मंग सुनेले म्हने, "कळवतो तुम्हाला." तो अजून कळवून राह्यला हाय.

अकोल्याच्या स्टँडवर आमी चहा घेतला. ती कपात पाहून म्हने, "तुमी काहून आल्या आत?"

"तू सांगत नोयती म्हनून."

"सांगतलं असतं तं तो काय म्हनला असता? जी घरची सासू सांभाळू शकत नाई ती बाहेरचे व्यापारी काय सांभाळंन. मुलाखतीत कोनाचं नाव घेऊन हात झटकाचा नसते, आत्याबाई. सरानं सांगतलं हाय."

"तुह्या सराले घेऊन ये एक डाव माह्यापाशी," मी म्हनलं. "इतले शब्द शिकवले, एक खऱ्याचा शिकवला नाई."

ती हासली. ट्रकाच्या दिवसापासून पयल्यांदा. मंग म्हने, "तुमचे डोये दाखवाचे होते ना?"

"दिसते मले," मी म्हनलं. "चाल, मोटार लागली."

हे मी कोनापुढे रडाले लिहिलं नाई. बोटं चिरली तवा रडली नाई, पोराचा बाप गेला तवा बी पोराले पाहून गप राह्यली. पन ही पोरगी पुन्हा कुठी तरी जाईन, पुन्हा कोनी तरी त्या शेडमधी फोन करंन, आन पुन्हा तोच शब्द येईन. माह्या मराठी बोलन्याले तिथी कोनी इचारत नाई, आन सून माहं इंग्रजीत लिहून देत नाई. म्हने, मीच लिहिलं तं कोन खरं मानंन? ते बी बराबर हाय.

म्हनून जो कोनी हे वाचंन त्याले माहं एवढंच म्हननं हाय. तुमाले इंग्रजी येत असंन तं एका कागदावर चार ओळी लिहून द्या. सुनेनं सांगतलं. सासूले पोचलं. सासूले समजलं. तरी सासूनं पान ठेवलं. जास्त काई लिहू नोका, माह्या दुखाचं बी नोको, आन ऑफिसचा कोनताच शब्द घालू नोका. त्याच्या खाली मी सही करते. फक्त सही घ्याच्या आंधी तो कागद मले एक डाव आपल्या बोलीत वाचून दाखवा.